शिक्का जाईपर्यंत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी एकदा सांगायला लागले की मधे कुणी हसलेलं मला खपत न्हाई. पाच वर्षं सरपंच होते मी. पाण्याची टाकी आणली, स्मशानाची शेड बांधली, वरच्या वस्तीला दिवे नेले. पण आज गावात कुणालाही विचारा, सरपंचबाईंनी काय केलं? टाकी कुणाच्या तोंडात येणार न्हाई. सगळे हेच सांगतील जे आता मी सांगणार हाय. म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापरीस आपला गाढवपणा आपणच सांगितलेला बरा.

गावाचं नाव मात्र विचारू नका. वेल्ह्याच्या अलीकडं, गुंजवणीचं पाणी मागं टाकून वर चढलं की आमचं गाव. खाली भातखाचरं, वर डोंगराच्या माथ्याला बापू धनगराचा वाडा, आणि मधे आमी. एवढ्यावरनं कुणी ओळखलं तर ओळखू दे.

तर करोनाचं साल. एसटी बंद, बाजार बंद, शाळा बंद. गावात चालू म्हणून दोनच गोष्टी होत्या, तालुक्याची पत्रं आणि माझं तोंड. हे मी न्हाई म्हणत, आमचे हे म्हणतात. ते दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन बैलाशी.

पत्रं मोबाईलवर यायची आणि रेंज म्हणाल तर फक्त देवळाच्या तिसऱ्या पायरीवर. मी सकाळी तिथं जाऊन उभी राहायची, पत्र वाचायची, आणि तशीच आत जाऊन देवळाच्या भोंग्यावरनं गावाला सांगायची. संध्याकाळी परत एकदा. सकाळी ज्यांनी कानात बोटं घातली असतील त्यांच्यासाठी.

पण पत्रातली भाषा अशी, की वाचणाऱ्यालाच धाप लागावी. 'परस्परांमध्ये किमान दोन मीटर सुरक्षित अंतर राखणे बंधनकारक राहील.' आता सांगा, आमच्या म्हाताऱ्यांना मीटर कुणी दाखवलाय, वीजबिलाचा सोडून? मी म्हटलं, हे सोपं करून सांगायला पायजे. भोंग्यावर सांगितलं, दोघांच्या मधे एक म्हैस उभी राहील एवढं अंतर ठेवा.

दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत सरूबाई खरंच म्हैस घेऊन आली. मी म्हटलं, अगं सरूबाई, हे काय? तर म्हणते, "मापात चूक नको, सरपंचबाई." अशी ती बाई. नियम सांगितला की अक्षर न् अक्षर पाळणार. तिला हसू नका, पुढं तिच्यावरच सगळं येणार हाय.

आणि नुसती बडबड न्हवती बरं का. म्हाताऱ्यांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या संपायला आल्या की चिठ्ठ्या गोळा करायचो, दुधाचा टेम्पो भोरला जायचा त्याच्याबरोबर पाठवायचो, आणि दुपारी आशाताई घरोघर जाऊन उंबऱ्यावर पुड्या ठेवायची. भाताला औषध मारायचा पंप पाठीवर घेऊन आमच्या ह्यांनी गावातल्या सगळ्या गल्ल्या फवारल्या. ज्यांची चूल थंड होती त्यांच्या दारात डाळ-तांदूळ गेला. गाव घाबरलेलं होतं हो. रात्रंदिवस ज्यांच्यात ऊठबस केली, त्यांनाच लांबनं हात करायचा, ही काय साधी गोष्ट हाय? मी पण घाबरलेली होते. पण सरपंचानं घाबरलेलं दाखवायचं नसतं, म्हणून मी जास्त मोठ्यांदा बोलायची.

मग बाहेरगावी असलेली माणसं परतायला लागली. पत्र आलं, येणाऱ्याच्या डाव्या हातावर शिक्का मारा आणि त्याला चौदा दिवस शाळेत वेगळं ठेवा. शिक्क्याची शाई तालुक्यानं दिली, मतदानाला बोटाला लावतात त्या जातीची. पहिल्या खेपेला पुण्याचे तिघं आले. त्यांना ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी मोजण्यावरनं भांडण सुरू झालं. एक म्हणे आलेला दिवस धरायचा, दुसरा म्हणे तिन्हीसांजेला आलो म्हणून तो धरायचा न्हाई, तिसरा अमावास्येपासनं मोजत होता. मी वैतागले.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. ती शाई साधारण दोन आठवड्यांनी आपोआप निघून जाते, असं आशाताईनं सांगितलं होतं. मग मोजत बसायचं कशाला? मी भोंग्यावर जाऊन ठणकावून सांगितलं, "शिक्का हाय तवर आत. शिक्का गेला की बाहेर. विषय संपला."

काय सांगू, असा नियम गावाला आवडला! लहान पोरांना सुद्धा कळला. आणि खरंच, त्या तिघांचे शिक्के चौदाव्या-पंधराव्या दिवशी गेले, तिघं घरी गेले, ठणठणीत. बाया म्हणाल्या, सरपंचबाईंचं डोकं कलेक्टरचं हाय. मी चार दिवस जमिनीवर चालत न्हवते.

मग मुंबईवरनं टेम्पो आला. त्यात आमच्या गावची दोन माणसं होती. एक तुकाराम तात्या, लेकाकडं गेलेले आणि तिकडंच अडकलेले. तात्या म्हणजे सरळ रस्त्यात उभं राहून वाद घालणारा माणूस. आणि दुसरी अंजना, सरूबाईची सून.

अंजनाचं ऐका. तिचा नवरा मुंबईत दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याला सुट्टी न्हाई. शिमग्याला ती चार वर्षांच्या चिमीला घेऊन गावाकडं आली होती. आठ दिवसांचं काम उरकून पाडव्याला परत येते म्हणून लेकीला सासूपाशी ठेवून गेली, आणि तिकडं सगळं बंद झालं. आठ दिवसांचे अडीच महिने झाले. पास काढून, दोन ठिकाणी अडवून, बारा तास टेम्पोत बसून ती बाई आली. उतरल्या उतरल्या पहिला शब्द, "चिमी कुठाय?"

चिमी आजीच्या पदराला धरून शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती. मधे मीच मारलेली चुन्याची रेघ. मी अंजनाला म्हटलं, चौदा दिवस गं, डोळे मिटून जातील. ती म्हणाली, "वैनी, अडीच महिने गेलेत, चौदा दिवस म्हंजे काय." आणि रडायला लागली. मला पण भरून आलं, पण मी सरपंच होते, मी रजिस्टर भरलं.

शिक्का मारायला घेतला तर शाईची बाटली कोरडी. पायरीवर जाऊन तालुक्याला फोन केला, म्हणाले पाठवतो. मग ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, ऑफिसातलं जांभळं पॅड, दोघांच्या हातावर ठोकला. म्हटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तात्या आंघोळ करून, पांढरी टोपी घालून पारावर बसलेले.

"तात्या, तुमी हितं कसे?"

"शिक्का गेला," तात्यांनी हात दाखवला.

"अहो, काल संध्याकाळी आलात तुमी."

"म्या काय केलं? आंघुळ केली. शिक्का गेला की बाहेर, असं तुमचाच भोंगा वरडत होता. कालच टेम्पोतनं उतरताना ऐकलं."

पारावरची बाकीची माणसं म्हशीच्या अंतरानं मागं सरकत सरकत घरी पोचली. तात्यांना परत शाळेत न्यायला मला दुपारचे बारा वाजले. अंजनाचा पण शिक्का गेला होता, पण ती बिचारी खोलीतच बसून होती, आणि मला म्हणाली, "वैनी, दुसरा मारा. माझ्यामुळं चिमीला कायी नको व्हायला."

आता न जाणारी शाई आणायची कुठनं?

त्याच दुपारी बापू धनगर मेंढरं घेऊन ओढ्याला उतरला होता. त्याची आणि त्याच्या मेव्हण्याची मेंढरं एकत्र चरायची, म्हणून बापू आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करत होता. काळपट तांबडा रंग, पत्र्याच्या डब्यात. त्यात काय काय घालतो ते बापू बायकोलाही सांगत न्हाई. एक मेंढरू नुकतंच ओढ्यातनं पोहून आलेलं, पाणी गळत होतं, पण पाठीवरची खूण जशीच्या तशी. मी बघतच राहिले.

"बापू, ह्यो रंग टिकतो का रं?"

"टिकतो की."

"पाण्यानं जात न्हाई?"

"पान्यानं? वैनी, सबंध पावसाळा झेलतो ह्यो."

"मग मला वाटीभर दे."

"कशापायी?"

आता हितं मी चुकले. हितंच सांगितलं असतं, की बापू, माणसांच्या हाताला लावायचाय, तर बापूनं डबा उचलून डोंगर गाठला असता आणि पुढचं काहीच झालं नसतं. पण सरपंचानं शिक्क्याच्या शाईसाठी मेंढरांचा रंग मागायचा, हे मला कमीपणाचं वाटलं. मी म्हटलं, "सरकारी काम हाय." सरकारी म्हटल्यावर बापू पुढं एक अक्षर बोलला न्हाई, निमूट वाटी भरून दिली.

संध्याकाळी दोघांच्या हातावर नवा शिक्का मारला. काय उठला होता! अक्षर न् अक्षर वाचता यावं असा. तात्या म्हणाले, ह्याला वास कसला येतोय? मी म्हटलं, औषधाचा. आणि एवढ्यावर गप्प बसायचं की न्हाई? पण न्हाई. भोंग्यावर जाऊन सांगितलं, की ग्रामपंचायतीनं पुण्यावरनं खास शाई मागवली हाय, आता कुणी फसवाफसवी करू नये.

घरी आले तर आमच्या ह्यांनी ओट्यावरची वाटी हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पुणं लई जवळ आलं म्हणायचं." त्या दिवसाचं चौथं वाक्य.

दिवस जायला लागले. चिमी रोज सकाळी आजीबरोबर भाकरी घेऊन फाटकापाशी यायची. आजी भाकरी रेघेवर ठेवून मागं व्हायची, मग अंजना येऊन उचलायची. मायलेकी रेघेच्या दोन बाजूंना बसून बोलायच्या. चिमी तिला कोंबडीनं किती अंडी दिली ते सांगायची, अंजना हातवारे करून गाणी म्हणायची. आजूबाजूच्या पोरांनी चिमीला विचारलं, तुझी आई शाळेत काय करती गं? तर चिमी म्हणाली, "शिकती. नापास झालीय, म्हणून सोडत न्हाईत."

सगळं गाव हसलं. अंजना पण हसली, आणि मग पाठ करून डोळे पुसले. मी म्हटलं, राहिले किती, चार दिवस.

चौदावा दिवस उजाडला. अंजनानं केस धुतले, ठेवणीतली साडी नेसली. सरूबाईनं चिमीला न्हाऊमाखू घालून, दोन शेंड्या बांधून आणलं. मी ऐटीत गेले, म्हटलं, दाखवा हात.

शिक्का काल मारल्यासारखा होता. पुसट म्हणून एक टिंबसुद्धा न्हवतं.

म्हटलं, जाईल, उद्या बघू. पंधरावा गेला. सोळावा गेला. तात्या दिवसभर राखेनं हात घासत बसलेले, त्यांच्या हातावरचे केस गेले पण शिक्का जाग्यावर. अठराव्या दिवशी मी आशाताईला घेऊन गेले. तिनं दोघांच्या बोटाला यंत्र लावलं, ताप बघितला, छाती तपासली, म्हणाली, "दोघं एकदम चांगले आहेत. चौदा दिवस कधीच झाले. सोडून द्या."

मी सुटकेचा निश्वास सोडला. पण फाटकापाशी सरूबाई आडवी उभी.

"सरपंचबाई, शिक्का हाय."

"अगं पण यंत्र सांगतंय ना, बरी हाय ती."

"यंत्र बोटाला लावलं. शिक्का मनगटापाशी हाय." आणि मग तिनं आवाज खाली आणून मला विचारलं, "त्या पुण्याच्या तिघांचे शिक्के कसे गेले? ते बरे होते म्हणून गेले. ह्यांचे जात न्हाईत. म्हंजे रोग आत हाय आणि शाईला धरून बसलाय. व्हय का न्हाई?"

दोन तासांत हे सगळ्या गावात पोचलं. शाई खास पुण्याची, रोग असेल तोवर जात न्हाई, सरपंचबाईंनी मुद्दाम तशी मागवलीय. बाया मला येऊन सांगायच्या, वैनी, तुमच्यामुळं गाव वाचलं बघा. ज्या बायका शाळेत रोज कालवण पाठवायच्या त्यांनी ते रेघेच्या दहा पावलं अलीकडं ठेवायला सुरुवात केली. आणि सरूबाईनं चिमीला आणायचंच बंद केलं. वाईट बाई न्हवे हो ती. तिला नातवंड म्हणून एकच, चिमी. ती घाबरली होती, आणि तिला घाबरवलं होतं मी.

मी जे जे सुचलं ते करून बघितलं. लिंबू, चिंच, ताक, रॉकेल, भांड्याची पावडर. स्वतः मास्क लावून, अंजनाचा हात मांडीवर घेऊन घासत बसायची. हात लाल झाला, शिक्का उलट जास्त उठून दिसायला लागला. पंचविसाव्या दिवशी तिनं हात मागं घेतला.

"राहू द्या वैनी. काल सासूबाई म्हणाल्या, चिमी आता विचारत बी न्हाई. आई शाळंत असती, एवढंच तिला ठावं झालंय."

ती मला एक शब्द वाकडा बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे हात पुसत बसली. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली न्हवती, आणि मी शाळेतनं निघाले ती सरळ डोंगर चढायला लागले.

बापू वाड्यापुढं बसून दोर वळत होता. मी धापा टाकत विचारलं, "बापू, ह्यो रंग काढायचा कसा?"

"काढायचा कशाला? निघू न्हाई म्हून तर लावतो."

"पण जातो कधी?"

"कातरनीला. लोकर काढली का तिच्यासंगं जातो." मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "वैनी, तुमी लावला कशाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बापूनं दोर खाली ठेवला. मला वाटलं रागावला. मग म्हणाला, "मानसाला आजवर लावून बघितला न्हाई कवा. किती दीस टिकतो ते आता तुमीच आमाला सांगा."

खाली येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललेलं. खरं सांगितलं तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. मेंढरांच्या रंगानं माणसं रंगवली, वर पुण्याची शाई म्हणून थापा मारल्या. न सांगितलं तर ती पोर आईला विसरणार. घरी आले, ह्यांना म्हटलं, मी काय करू? ह्यांनी रंगाची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "भोंगा तुझा हाय."

गेले. चालू केला. पाच वर्षांत पहिल्यांदा भोंग्यावर माझी जीभ अडखळली. पण सांगून टाकलं, की ही शाई पुण्याची न्हाई, बापूच्या मेंढरांचा रंग हाय, मी खोटं बोलले, अंजना आणि तात्या ठणठणीत हायेत, आणि चूक सगळी माझी.

बाहेर आले. मला वाटलं आता सगळं गाव दात काढणार. कुणी हसलं न्हाई. सरूबाई देवळापुढं उभी होती, डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, "सरपंचबाई, तुमचं काळीज लई मोठं हाय. माझ्या सुनेसाठी तुमी स्वतःवर घेताय. पण खोटं बोलून रोग जात न्हाई हो."

ऐकलंत? खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं सांगितलं तर मी मायेपोटी खोटं बोलते म्हणून पदर डोळ्याला लावतायत. मला हसावं का रडावं कळेना. माझ्याच तोंडानं मी माझं तोंड बंद करून ठेवलं होतं.

मी म्हटलं, आता दाखवल्याशिवाय सुटका न्हाई. बापूला निरोप धाडला. तो डबा घेऊन आला आणि काखेत एक मेंढी. सगळं गाव शाळेच्या पटांगणात, ज्याच्या त्याच्या म्हशीच्या अंतरावर. मी ग्रामपंचायतीचा शिक्का डब्यात बुडवला आणि आधी मेंढीच्या पाठीवर लोकर बाजूला सारून मारला. मग माझ्या हातावर मारला, अगदी अंजनाला मारला होता त्याच जागी. मारताना मनात आलं, आता ह्याला लोकर कुठनं आणणार मी. पण मारला.

पंचवीस-तीस मिनिटं वाळू दिलं. मग बादली मागवली. साबण लावून मी माझा हात धुतला, मेंढीची पाठ धुतली. बापू म्हणत होता, हिला कशाला भिजवताय, हिनं काय थाप मारलीय? तीनदा धुतलं. दोन्हीकडचा शिक्का हलला न्हाई.

"सरूबाई, मला रोग हाय का?" मी विचारलं. "ह्या मेंढीला हाय का? ये, जवळनं बघ."

सरूबाई चुन्याच्या रेघेपाशी येऊन थांबली. तिनं रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हैस आणून अंतर मोजणारी बाई ती. आणि मग तिनं रेघ ओलांडली. माझा हात धरून डोळ्यांपाशी नेला. मेंढीची पाठ बघितली. मग अंजनापाशी गेली, तिचा हात हातात घेतला, तिन्ही रंग ताडून बघितले. तो हात तिनं परत सोडलाच न्हाई.

"एकच हाय," ती म्हणाली. "एकच रंग हाय गं बायांनो."

चिमी पळत गेली असं मला सांगायला आवडलं असतं. पण ती गेली न्हाई. ती रेघेपाशी थांबली आणि तिनं आईला विचारलं, "येऊ का?" अंजनानं नुसते हात पुढं केले. मग चिमी एकेक पाऊल टाकत गेली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, जणू रोजचंच असल्यासारखी, कोंबडीचं सांगायला लागली. पटांगणात एकही डोळा कोरडा न्हवता. मी तर मास्क भिजेपर्यंत रडले, सरपंच असून.

रडून झालं, मग एकेकाला उमजायला लागलं. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं पटांगण सुटलं. तात्या हसत न्हवते. तात्या म्हणाले, "म्हंजे पंचवीस दिवस म्या मेंढरू व्हतो?" मग तर बायकांना उभं राहवेना. मी पण हसले. म्हटलं, झालं गेलं, सुटलो एकदाचे. पदर खोचला आणि घराकडं निघाले.

तर तात्या फाटकात आडवे.

"सरपंचबाई, हात बघू."

"तात्या, आता काय?"

"शिक्का हाय."

"अहो तात्या, आत्ताच तर दाखवलं सगळ्यांना, हा रंग..."

"रंग मेंढराचा असंल. शिक्का ग्रामपंचायतीचा हाय, वाचता येतंय मला. शिक्का हाय तवर आत. ह्यो नियम रद्द झाल्याचं भोंग्यावर काय म्या ऐकलं न्हाई."

मी म्हटलं, आत्ता जाते आणि रद्द करते. तात्या म्हणाले, शिक्का असताना देवळापर्यंत जाता कशा? सगळं गाव तात्यांच्या बाजूनं. माझाच नियम, सोपा करून मीच सांगितलेला, आता त्यातनं सुटायला मला जागा सापडेना. शेवटी मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुमी जा बाई, भोंगा लावा आणि सांगा नियम रद्द झाला म्हणून. बापूला घेऊन हे देवळाकडं गेले. आमी सगळे पटांगणात कान लावून उभे. आयुष्यात पहिल्यांदा हे भोंग्यावर बोलणार होते.

भोंगा खरखरला. ह्यांनी दोनदा खाकरलं.

"सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येतं, की सरपंचबाई शिक्का जाईपर्यंत घरातच राहतील. तवर भोंगा बंद राहील. कुणाला त्यांना उलटून कायी बोलायचं असंल, तर आत्ताच बोलून घ्या."

एवढं बोलून ते थांबले. पण भोंगा कसा बंद करतात ते त्यांना कुठं ठाऊक? माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावला न्हवता. त्यामुळं पुढचं वाक्य, जे ते बापूला हळूच म्हणाले, ते आमच्या गावानं, खालच्या वस्तीनं आणि समोरच्या डोंगरानं पण ऐकलं.

"बापू, डब्यातला उरलेला रंग टाकून दिऊ नको रं. हातावरचा पुसट झाला की परत लागंल."